खाऱ्या वाऱ्यातल्या सहा गोळ्या

देवगड, १२ ऑक्टोबर १९८६

बाय,

तू अप्पांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. रागावू नकोस. अप्पांनी ते फोडलं, चष्मा लावून पहिल्या चार ओळी वाचल्या आणि पंचांगाखाली ठेवून दिलं. आईला अक्षर लावायला वेळ लागतो, म्हणून मी घरी गेलो तसं तिने लेकीचं ते पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, "वाच रे गुरुदास. सावकाश वाच. चेडवान काय लिवल्यान ता माका कळूक व्हया." मी सावकाश वाचलं. मग मागच्या दारी जाऊन पुन्हा एकदा वाचलं, मनातल्या मनात.

मी सध्या देवगडला एका लाँचवर आहे. इंजिनाला तेलपाणी घालायचं, बर्फाच्या लाद्या फोडायच्या. आमच्या तांडेलाला दर्याची भीती नाही, पण झुरळ दिसलं की टपावर चढतो. परवा भर दर्यात चढला आणि सुकाणू कोणाच्याच हातात नाही! लाँच आपली गोल गोल. तुला सांगितलं असतं तर तू किती वेळ हसली असतीस ते मनात मोजून बघितलं.

ते जाऊ दे. चवथीला तू आली नाहीस. गणपतीच्या माटवीला फळं बांधताना कवंडाळ तुझ्याशिवाय कोणाला नीट बांधता येत नाही. ते दोनदा खाली पडलं. दोन्ही वेळा आईने माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच पाडलं.

तू लिहिलंस ते मला कळलं तेवढं असं. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये इथून पुण्याला लॅबमध्ये परत जाऊन तू नव्या बॅटरीसाठी केलेल्या त्या सहा गोळ्या मोजल्यास आणि त्यांच्यातून वीज अशी धावली की तुझे सर खुर्चीतून उठले. पहिल्यापेक्षा शंभरपट. मग परिषदेत तू तो आकडा सगळ्यांपुढे वाचलास. छापूनही आला. आणि त्यानंतर कोणाच्याच गोळीतून तो आकडा येईना. तुझ्यासुद्धा. चाळीस गोळ्या केल्यास तू, चाळीस! पावडर वाटायची, दाबायची, भट्टीत दोन दोन दिवस भाजायची, चांदीचा रंग लावायचा, मोजायचं, आणि आकडा आपला तळाला. शेवटी सरांनी तुला समोर बसवून विचारलं, "हा आकडा आला कुठून ते खरं सांगा." मार्चपासून स्कॉलरशिप बंद. आता दुपारी कुठल्याशा कॉलेजात मुलांची प्रॅक्टिकलं घेतेस, आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या लॅबमध्ये प्रेस मागून घेऊन एकेचाळिसावी गोळी दाबतेस.

अप्पांनी एप्रिलमध्ये तुला काय लिहिलं ते आईने सांगितलं. "उत्तर जुळवून लिहिणाऱ्या मुलाला मी आयुष्यभर वर्गाबाहेर काढत आलो. घरच्याला नियम वेगळा नाही." पोस्टकार्डावर लिहिलं, म्हणजे पोस्टमननेही वाचलं असणार.

एक विचारू? तू लिहिलंस, डब्यातले दाणे निळेच होते, म्हणून गोळ्या भट्टीत न सुकवता थेट मोजल्या. म्हणजे अगदी निळेच होते का? सगळे? सहज विचारतोय.

गुरुदास

---

कणकवली, २० नोव्हेंबर १९८६

बाय,

उत्तर नाही आलं. देवगडचा पत्ता मी दिला होता, पण तोवर मी देवगडला नव्हतोच. एका ट्रकवाल्याशी ओळख झाली, तो फोंड्यापर्यंत सोडतो म्हणाला, मध्ये कणकवलीत टायर बसला, आणि मी इथेच राहिलो. तू म्हणशील, ह्याचं असंच. असंच आहे.

पण इथे काय काम धरलंय ते ऐक. बॅटऱ्या चार्ज करायचं! डेपोच्या समोर दत्तारामचं दुकान आहे. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, लग्नातल्या लाउडस्पीकरवाल्यांच्या, सगळ्या बॅटऱ्या रांगेत लावायच्या, बुचं काढायची, पाणी किती खाली गेलं ते बघायचं आणि वरून पाणी घालायचं. आठ दिवसांत माझ्या पँटला अकरा भोकं पडली ॲसिडने. दत्तारामला मी तुझं सांगितलं. म्हटलं, माझी बहीण पाणी नसलेली बॅटरी करते. आत काही पातळ नाही, गळणार नाही, भोकं पडणार नाहीत, सगळं दगडासारखं घट्ट, आणि वीज त्या दगडातूनच चालत जाते. दत्ताराम म्हणाला, "पाणी नाय? मगे मी रे मेल्या काय इकू? तुझ्या भयणीक सांग, आमच्या पोटार येव नको." आणि तोच मग दुपारी मला म्हणाला, "पण दगडातसून कशी काय चलात?"

मी त्याला तू सांगितलेलं सांगितलं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात मागच्या पडवीत, फणसाची भाजी चिरता चिरता सांगितलेलं. दगड आपल्याला भरलेला दिसतो, पण आत वाटा असतात. लिथियमचा कण एवढा बारीक की तो एका जागेवरून दुसऱ्या मोकळ्या जागेवर उडी मारतो, तिथून पुढच्या. तू जन्मभर तेच शोधणार म्हणालीस, असा दगड, की ज्यात त्याला अडवायला कोणी नाही. आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुझ्यासारखो. खंय बसान ऱ्हवाक नको." मला कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. आईचं म्हणणं, तू टोमणा मारलास.

डबाही तेव्हाच दाखवलास. लॅबला रंग काढत होते, महिनाभर कुलूप, म्हणून सहा महिन्यांच्या कष्टाच्या सहा गोळ्या तू एसटीतून मांडीवर घेऊन आली होतीस. पांढऱ्या, आठ आण्याच्या नाण्याएवढ्या, काचेच्या डब्यात, रबराचं झाकण, आणि तळाला ते निळे दाणे. "हे पहारेकरी," म्हणालीस. "हवेतली ओल आत शिरली की हे गुलाबी होतात. निळे आहेत तोवर गोळ्या कोरड्या." ते गुलाबी झाले तर तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे होतात, तेही तूच सांगितलंस. मूठभर जुने दाणे मला भाजायला दिलेस. मी लहान पोरासारखा भाजत बसलो होतो, अठरा वर्षांचा घोडा.

बाय, तू त्या महिन्यात दोन दिवस देवगडला मैत्रिणीच्या लग्नाला गेली होतीस. आठवतं? पावसाआधीचं वाळवण चाललं होतं. खळ्यात आमसुलं, सांडगी मिरच्या, सुकट, गाद्या, अप्पांची जुनी पुस्तकं, सगळं उन्हात. आई म्हणते ना, "घरात ओल धरणारा जा काय आसा ता सगळा भायर काढ." तर आईने कदाचित तुझ्या गोळ्यासुद्धा उन्हात घातल्या असतील. तिला काय माहीत! तिला वाटलं असेल, कोरडं राहायला हवं ना, मग ऊन दाखवलेलं बरं. मी घरी नव्हतो. मी खाली किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होतो.

असं झालं असेल तर तुझ्या आकड्याचं काय होईल, ते लिही. कणकवलीच्या पत्त्यावर लिही. दत्ताराम पत्र ठेवून देतो.

गुरुदास

---

घर, वायंगणी, ७ डिसेंबर १९८६

बाय,

मागच्या पत्रात मी आईवर घातलं ते खोटं होतं. दत्तारामकडून पगार घेऊन सरळ घरी आलो. वाटेत कुठे उतरलो नाही, म्हणजे आचऱ्याला उतरलो, पण चहापुरताच.

आता एका दमात लिहितो. नाहीतर माझं पुन्हा कुठेतरी तिसरंच सुरू होईल.

एकोणतीस मे. तू आदल्या दिवशी गेलीस. आई खळ्यात आमसुलं पसरत होती आणि मला हाक मारली, घरातलं ओल धरणारं सगळं बाहेर काढ. मी गाद्या काढल्या, पुस्तकं काढली. तुझा डबा फळीवर होता. मला तू सांगितलं होतंस की झाकण उघडायचं नाही. पण मला वाटलं, ऊन तर कडक आहे, उन्हात कुठली आलीय ओल? उलट बाय येऊन बघेल तर गोळ्या खडखडीत. शहाणपणा करायला गेलो. गोळ्या सुपात मांडल्या, सहाच्या सहा, आणि डबा उघडा त्यांच्या बाजूला ठेवला. तेवढ्यात खालून हाक आली, रापण ओढायला माणसं कमी पडतायत. मी पळालो. आईला सांगितलंही नाही सुपात काय आहे. तिला वाटलं, तुझं काहीतरी औषध.

संध्याकाळी बांगड्यांचा वाटा घेऊन आलो तर दाणे गुलाबी. तेरड्याच्या फुलासारखे. ऊन होतं गं, पण वारा दर्याचा होता.

एवढं झालं ते चुकीने. कोणाच्याही हातून झालं असतं, आपल्याकडे मे महिन्यात कोणीही हेच केलं असतं. पण दाणे मी भाजले. ते चुकीने नाही. आई गुरांना पाणी दाखवायला गेली होती, चूल रिकामी होती, तवा ठेवला आणि भाजले, निळे होईपर्यंत. गोळ्या आत, झाकण घट्ट, डबा फळीवर. दुसऱ्या दिवशी तू आलीस, डब्याकडे बघितलंस, निळे दाणे बघितलेस, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालीस, "सांभाळलंस रे."

दोन वर्षं सहा महिने मी हे कोणाला सांगितलं नाही. गोळ्यांना काय होणार, मातीच्या तर गोळ्या, असं मी स्वतःला सांगत होतो. तुझा आकडा छापून आला तेव्हा मी गावभर सांगत सुटलो. पेढे मी वाटले. मग आकडा परत येत नाही असं ऐकलं, तेव्हा मनात एकदा आलं, आणि मी गोव्याला निघून गेलो. तू ऑगस्टात लिहिलेलं ते वाक्य वाचलं नसतं, दाणे निळे होते म्हणून थेट मोजल्या, तर मी अजून कुठेतरी फिरतच असतो.

काल अप्पांना सांगितलं. ते पडवीत मुलांचे चाचणीचे पेपर तपासत होते.

"अप्पा, बायचो आकडो खोटो नाय."

मान वर केली नाही. "तुका आकड्यातला काय कळता? अकरावीक दोनदा बसलंस."

"आकड्यातला नाय कळत. पण गोळ्यांका ओल मी लावलंय."

मग सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि पेपर तपासत होते. तीन पेपर तपासले. तिन्हींवर सतराच मार्क दिले. मग ते तिन्ही परत पुढे ओढले.

"दाणे कोणी भाजल्यान?"

"मीच."

"कित्याक?"

"बाय रागावतली म्हणान."

"रागावली असती. मगे?"

"मगे कायच नाय."

"हां," अप्पा म्हणाले. "मगे कायच नाय." आणि उठून आत गेले. जेवायला आले नाहीत.

आई मला म्हणाली, "माका तरी सांगूचा होतास. मी सांगलंय असतंय तिका, माझ्याकडसून झाला म्हणान. माझ्यार ती किती रागावली असती?" मागच्या पत्रात मी तेच केलं होतं, तिला न विचारता. ते मी तिला सांगितलं नाही.

बाय, आता तू सांग. तुझ्या सरांना पत्र लिहू? मी स्वतः पुण्याला येऊन त्यांच्यासमोर उभा राहून सांगतो. माझ्याकडे एक बरा शर्ट आहे.

उत्तर येईपर्यंत मी इथून हलणार नाही.

गुरुदास

---

घर, २ फेब्रुवारी १९८७

बाय,

तुझं अंतर्देशीय शनिवारी आलं. मी पन्नासेक दिवस इथेच होतो, कोणालाही विचार. दाजी शेजारचे तर आईला म्हणाले, "झील आजारी आसा काय गो? घरात दिसता."

वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझी बाय' नाही. नुसते प्रश्न. मी आधी उलटून बघितलं, मागे काही आहे का. मग प्रश्न वाचले. शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं असं पहिल्यांदा वाटलं. मग पुन्हा वाचलं तर कळलं, तू खूप वेळ बसून लिहिलेत. कारण जे तू विचारलंस ते मला स्वतःला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

सांगतो. आठवून आठवून, आईला विचारून, रापणीवरच्या माणसांना विचारून.

गोळ्या मांडल्या तेव्हा साडेदहा झाले असावेत, कारण मालवणची गाडी वर चढाला लागली होती. परत आलो तेव्हा दिवस बुडायला आला होता पण दिवा लागला नव्हता. म्हणजे आठ तास धर. सूप बांबूचं, शेणाने सारवलेलं, कोरडं. खाली कागद नव्हता. वारा सकाळी नव्हताच. दुपारी जेवणवेळेनंतर फिरला आणि दर्यावरून जोरात यायला लागला. हे नक्की, कारण रापणीचा दोर ओढताना तोंडावर येत होता, आणि ओठ चाटले तर खारट. शेजारी आमसुलं होती, पण चार हातांवर. त्यांच्या आगळाचा एक थेंबही गोळ्यांवर उडालेला नाही. गोळ्यांना मी हात लावला का? लावला. मांडताना आणि उचलताना. हात धुतले नव्हते. उचलताना हाताला बांगड्याचं पाणी होतं. बाय, हे लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटली, पण तू विचारलंस "खरं तेच."

दाणे भाजायला पाव तास. निळे झाल्यावर गार करून घातले, गरम नाही.

तू लिहिलंस, दाणे निळे झाले म्हणजे गोळ्या कोरड्या झाल्या असं नाही. गोळीने एकदा पाणी धरलं की दाणे ते सोडवू शकत नाहीत, भट्टीच लागते. म्हणजे मी पहारेकऱ्याला तेवढा शुद्धीवर आणून ठेवला, चोर आत तसाच. आणि कदाचित तुझ्या यंत्राला लिथियम चालताना दिसलं ते लिथियम नव्हतंच, पाण्याचं काहीतरी चालत होतं. 'कदाचित' खाली तू रेघ मारलीस. म्हणूनच त्या सहा गोळ्या पुढे तापवल्यावर आकडा खाली गेला आणि परत वर आला नाही.

मग मला एक कळेना. तसं असेल तर तुझा शंभरपटीचा दगड नव्हताच कधी? ज्याच्यासाठी तू दोन वर्षं चाळीस गोळ्या केल्यास, तो नव्हताच? हे मी रात्रंदिवस डोक्यात घेऊन हिंडतोय. मी तुझा आकडा पळवला नाही. नसलेला आकडा तुझ्या हातात दिला. ह्यातलं जास्त वाईट कुठलं ते तू ठरव.

सरांना पत्र नको, येऊही नको म्हणालीस. "माणसाने सांगून आकड्याचं कारण ठरत नाही. गोळ्यांनीच सांगायला हवं." बरं. मे महिन्यात नव्या बारा गोळ्या पाठवतेस, त्यातल्या सहा डबा न उघडता तशाच ठेवायच्या आणि सहांना तेच सगळं करायचं जे मी तेव्हा केलं. करतो. पण पाठवतेस म्हणालीस. आणतेस म्हणाली नाहीस.

अप्पांविषयी तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मीही त्यांना पत्र वाचून दाखवलं नाही. पण ते पंचांगाखाली ठेवलं होतं, आणि रविवारी ते दुसऱ्या घडीने घातलेलं होतं.

गुरुदास

---

घर, ३० मे १९८७

बाय,

पार्सल बुधवारी मालवण स्टँडवर आलं. मी सकाळच्या गाडीपासून बसलो होतो, गाडी दुपारी आली. कंडक्टर म्हणाला, "कसला आसा ह्या? औषध?" म्हटलं, होय. वायंगणीपर्यंत मांडीवर आणलं. एसटीत एक बाई कोंबडी घेऊन शेजारी बसत होती तिला उठवलं. भांडण झालं.

तू खरोखर आली नाहीस. मी स्टँडवर गाडीतून उतरणारं शेवटचं माणूस बघेपर्यंत उभा होतो. ड्रायव्हरसुद्धा उतरला.

काल, एकोणतीस तारखेला, केलं. तारीख तीच धरली. आईने शुक्रवारचं वाळवण मुद्दाम राखून ठेवलं होतं: तेवढीच आमसुलं, चार हातांवर, सुकट पलीकडे. सूप तेच. एक डबा फळीवर बंद. दुसरा मी साडेदहाला उघडला. गोळ्या मांडताना हात धुवायचे नाहीत असं तू लिहिलं होतंस, मला ते सगळ्यात कठीण गेलं. आईने उठल्यापासून हाताला पाणी लावू दिलं नाही.

मी सुपाजवळ बसलो. पावणेअकराला अप्पा आले. शाळेतलं थर्मामीटर आणलं होतं, आणि मनगटी घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. मला म्हणाले, "दर अर्ध्या तासान सांग. मी लिवतंय." एकदा उन्हात सरकून आपली सावली सुपावर पडत नाही ना ते बघितलं. दुपारी आईने ताट आणलं तर डावीकडे घेऊन जेवले, उजव्या हाताशी पेन्सिल.

बारा वाजता खालून हाक आली, रापण लागलीय, ये रे. तेव्हा मी पळालो होतो, तर आताही पळायला हवं का? तुझ्या कागदावर ते नव्हतं. अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या पळण्यान गोळ्यांका कायेक होणा नाय. बस." बसलो. बाय, आठ तास एका जागेवर. जाळं किनाऱ्याला लागल्याचा गलका ऐकला, पेडवे होते वाटतं, आणि मी सुपातल्या सहा पांढऱ्या गोळ्यांकडे बघत होतो. तू रोज असंच बसत असशील. कंटाळा येतो का तुला? मला आला. मग गेला. मग एक वेगळंच वाटायला लागलं, की गोळीत काहीतरी होतंय आणि ते मला दिसत नाही, पण होतंय.

आणि दुपारचे दोन झाले तरी वारा नाही. पान हलेना. वारा आला नाही, ओल लागली नाही, तर आकडा वर येणार नाही. मग तुझे सर म्हणणार, बघा, भाऊसुद्धा खोटाच. आयुष्यभर माझ्या हातून वस्तू बिघडू नयेत म्हणून आईने नवस केले, आणि काल मी बसून म्हणत होतो, बिघडा रे, बिघडा.

दाजी काठी टेकीत आले. "काय चललाहा?" आईने सांगितलं. ते ऐकून दाजी गंभीर झाले. म्हणाले, "मगे गाऱ्हाणा नको घालूक?" अप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं, पण ते काही बोलायच्या आत दाजींनी पानाचा विडा सुपासमोर ठेवून सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा! ह्या घरची चेडू भायर आसा, एकटी आसा. तिच्या ह्या सहा गोळ्यांका दर्याचो वारो लागंदे, जी काय ओल आसात ती भितर जावंदे, नि तिचो आकडो होतो तसो तिका परत गावंदे, नि ती सुखान घराक येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आई म्हणाली. मी म्हणालो. आणि अप्पांनी आधी घड्याळ बघितलं, दोन वाजून वीस मिनिटं लिहिली, आणि मग हळूच, आम्हाला ऐकू येऊ नये अशा आवाजात, "होय म्हाराजा."

गाऱ्हाण्यामुळे असं मी म्हणत नाही. तू हसशील. पण पावणेतीनला माडांच्या झावळ्या वाजल्या.

साडेसहाला हाताला बांगडा चोळून गोळ्या उचलल्या. दाणे गुलाबी झाले होते. भाजले, पाव तास, गार केले, घातले. सगळं तसंच. या वेळी आई चुलीपाशी उभी होती.

डबे बांधताना अप्पांना विचारलं, "आकडो वर येयत ना?" त्यांनी सुतळीची गाठ आवळली. मग म्हणाले, "तिका लिही, जो आकडो येयत तो कळय. वर येवंदे नायतर खाली. ती सांगात तो मी धरतलंय."

मी म्हटलं, तुम्हीच लिहा. तर म्हणाले, "मी लिवलंय तो कागद धाडतंस ना?" म्हणजे तो तक्ता. सतरा ओळी, वेळ, ताप, वारा. शेवटी सही आणि तारीख, परीक्षेच्या निकालावर करतात तशी. त्यात दोन वीसच्या ओळीपुढे त्यांनी काहीतरी लिहून खोडलंय. मी उजेडात धरून बघितलं, वाचता येत नाही. तुला येईल.

दोन्ही डबे उद्या सकाळच्या गाडीने टाकतो. पत्र डब्यात घालू नकोस असं तू बजावलंस, कागद ओल सोडतो म्हणून. म्हणून हे आणि अप्पांचा तक्ता पोस्टाने. डबे आधी पोचतील. हे हातात पडेपर्यंत थांबली असशील तर उत्तर मागाहून लिही, आधी ते मोज.

गुरुदास